ह्यांच्या पाठीच्या चार पट्ट्या

३ मार्च, सोमवार
आणि वर मलाच ऐकवलं! पाठीवरचा डाग ह्यांचा, ब्लेडला घाबरून दवाखान्यातून पळाले हे, आणि डॉक्टरीणबाई मला म्हणतात, तुम्ही समजवा. सव्वीस वर्षं समजावतेच आहे. शेवटी त्यांनीच एक पाकीट दिलं. आत चार चिकटपट्ट्या. डागावर लावायच्या, ओढून काढायच्या, परत पाठवायच्या. कातडीच्या पेशी चिकटून येतात म्हणे, त्यांतल्या जनुकांवरून कॅन्सर आहे का ते कळतं. मी गोदामात दिवसाला दोनशे खोकी टेप लावून बंद करते. मला शिकवतात!

५ मार्च, बुधवार
लावल्या एकदाच्या. हे पालथे पडून कण्हत होते — पट्टी लागायच्या आधीच. पाकिटातला कागद मुंगीच्या अक्षरातला, कोण वाचणार. कामावर करते तसंच केलं. पट्टी सोलायची, मनगटावर टेकवून ठेवायची, हात मोकळा झाला की लावायची. मनगटावरच्या गाठीला पट्टी अडकते, तेवढाच वैताग. टेप घासून घासून आलेली गाठ. दुखत नाही, खुपत नाही. मी कधी बोंब मारली?

१७ मार्च, सोमवार
कॅन्सर निघाला. लाखात एखाद्याला होणारा. हे म्हणाले, "वाटलंच होतं. आपलं काही साधं नसतं." ह्यातही मोठेपणा! मी भांडी घासायला गेले. नळ नुसताच चालू राहिला.

२० मार्च, गुरुवार
शेवटी ब्लेडनेच तुकडा काढला. ओरडले नाहीत. लेकीने फोनवर विचारलं, आई, रडतेस का? म्हटलं, कांदा चिरतेय.

२५ मार्च, मंगळवार
ह्यांचा तुकडा स्वच्छ! साधा डाग. मग कॅन्सर कुणाचा? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पट्ट्यांवर दोघांच्या पेशी आल्यात. "आणि बिघडलेल्या पेशी बाईच्या आहेत."
मी त्यांना चांगलंच झापलं. तुमच्या लोकांनी घोळ घातला, आमच्या घरातली झोप उडवली, तक्रार करते म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, पट्टी कशी लावलीत ते दाखवा.
दाखवलं. सोलली. मनगटावर टेकवली —
हात तिथेच राहिला.

२६ मार्च, बुधवार
गाठ काढून दिली. बाहेर बाकावर हे माझी पिशवी मांडीवर घेऊन बसलेले. "घाबरू नकोस," म्हणाले. हे!
तपासणीच्या निकालाला डॉक्टरीणबाई दहा दिवस मागतात. सांगून आलेय — सोमवारी सकाळी तुमच्या दारात उभी असेन. पसरलाय की नाही, एका शब्दात सांगायचं. सोमवारी.