एकविसाव्या कलमाचं पान

बोरिवली, १२ नोव्हेंबर १९८६

ती. बाबांस,
शकुचा जयभीम. वि. वि.

दोन वर्षांनी पत्र आलं म्हणून कपाळाला आठ्या घालू नका. काम आहे. मी संध्याकाळच्या लॉ कॉलेजला जाते. १० डिसेंबरला, मानवी हक्क दिनाला, वर्गात बोलायचंय. अठ्ठेचाळीस साली जगातल्या देशांनी माणसाच्या हक्कांचा जाहीरनामा केला, तेव्हाच आपली घटना लिहिली जात होती. त्यातलं आपल्यात काय आलं, असा विषय. घरच्या प्रतीतून चौदा, सतरा आणि एकवीस ही कलमं उतरवून पाठवाल? लायब्ररीत मिळतात. पण म्हटलं तुम्हाला विचारावं.

लग्नाच्या दिवशीची माझी चिठ्ठी वाचूनही तुम्ही आला नाहीत, त्यावर आता भांडत नाही. जयवंत कामासाठी महिना महिना बाहेरगावी असतो. एकटीनं जेवताना तुमची फार आठवण येते हो.

उत्तराकडे डोळे लावून,
शकु

घाटकोपर, १९ नोव्हेंबर

चि. शकुस,
आशीर्वाद.

कसली चिठ्ठी? उगाच थापा मारू नकोस. सकाळी कॉलेजला म्हणून गेलीस ती गेलीसच. कोकणातल्या पोराशी लग्न केलंस हे आठ दिवसांनी शेजारच्या अंबादासनं सांगितलं, सगळ्या चाळीला ठाऊक झाल्यावर.

पुस्तक बुद्धाच्या मूर्तीशेजारी आहे. रोज फूल वाहतो, डोकं टेकतो. उघडत नाही. तुझ्या आईनं निळ्या फडक्यात बांधलं होतं, ती गाठ मी ती गेल्यापासून सोडलेली नाही. तिच्या हातचं तेवढंच शाबूत आहे घरात. कलमं लायब्ररीतून घे.

तब्येत बरी आहे. बोलायला कोणी नाही, म्हणून रेडिओ चालू ठेवतो.

कुंडलिक

बोरिवली, २४ नोव्हेंबर

ती. बाबांस,
जयभीम.

बाबा, वाट लागली हो आपली! चिठ्ठी त्या पुस्तकातच आहे. आई रोज एक पान वाचायची. ती गेल्यावर तुम्ही वाचता असंच मी धरून चालले. मी पहाटेच निघायचे, मला कुठे दिसायचं? म्हणून एकविसाव्या कलमाच्या पानात ठेवली. तेव्हा कायद्यातलं काही कळत नव्हतं, पण त्या पानावर स्वातंत्र्य हा शब्द होता. आता कळतं, जाहीरनाम्याच्या सोळाव्या कलमात लग्न दोघांच्या राजीखुशीनं व्हावं असं स्वच्छ लिहिलंय. आपल्याकडे ते वेगळं लिहिलेलं नाही, एकविसातच धरावं लागतं, असं माझं मत आहे. तोंडानं सांगायचा धीर झाला नाही.

गाठ सोडा, बाबा. रागावलात तरी चालेल, पण वाचा.

तुमचीच,
शकु

घाटकोपर, १ डिसेंबर

चि. शकु,
खूप आशीर्वाद.

सोडली गाठ. कलमं सोबत पाठवतोय, अक्षर वाकडं आहे, सांभाळून घे. सतरावं, अस्पृश्यता मोडल्याचं, तुझ्या जगाच्या कागदात नावानिशी सापडतं का बघ. नसेल तर वर्गात उभी राहून सांग, ते आम्हाला आमच्यासाठी लिहावं लागलं.

चिठ्ठी वाचली. तू लिहिलंयस, ‘अकरा वाजता लग्नाच्या कचेरीत या, साक्षीदार म्हणून तुमची सही हवी, नाही आलात तर नकार समजेन.’ खोटं कशाला सांगू, तेव्हा वाचली असती तर भडकलोच असतो. आलो असतो की नाही, ठाऊक नाही. पण तू विचारलं होतंस गं. पोरीनं विचारलंसुद्धा नाही, हेच दोन वर्षं गिळत बसलो. त्या दिवशी माझी दुसरी पाळी होती. अकरा वाजता मी घरीच होतो, दोघांच्या भाकऱ्या थापून तुझी वाट बघत.

आणि आईची म्हणून ज्या गाठीला हात लावला नाही, ती तूच मारलेली होतीस.

सहाला चैत्यभूमीवर जाईन. सातला, रविवारी, अकरा वाजता तुझ्याकडे येतो. सहीची जागा आता भरली असेल. नुसता जेवायला येतो.

जयवंतरावांना जयभीम.

तुझा,
बाबा