चुलीकडची बाजू

सॉन्गचॉन,
३ ऑक्टोबर १९८२

चि. गीचॉल यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू पाठवलेल्या पैशांतून नवी कौलं बसली, घर गळायचं थांबलं. आईला विचारलं कसं वाटतंय, तर म्हणाली की गवताचं छप्पर पावसात निदान गुपचूप भिजायचं, ही मेली कौलं थाळ्या बडवतात.

आता खोलीची जमीन बदला म्हणून तू लिहितोस, त्याचं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते तू त्या वाळवंटातून अगदी शब्दशः करतोस. पण या वेळी तुझं खरं आहे. वरच्या आळीतलं जोडपं गेल्या आठवड्यात झोपेतच गेलं. चुलीतल्या कोळशाच्या वड्यांचा धूर जमीन तापवत तिच्याखालच्या बोळांतून जाता जाता भेगेतून खोलीत शिरला. आपल्याही जमिनीला भेगा आहेत. मी त्यांवर कागद चिकटवते आणि सकाळी उठल्याबरोबर आधी आईचा श्वास बघते.

आई ऐकत नाही. डोळे गेल्यापासून घर तिच्या तळहातांत आणि तळपायांत आहे. उंबरा लागला की खोली आली, जमीन ऊन लागली की चुलीकडची बाजू, गार लागली की खिडकी. एवढ्यावर ती कुणाचा हात न धरता फिरते. चुलीकडच्या बाजूला गोधडीखाली तुझ्या वाटणीचा भात अजून रोज झाकून ठेवते. तो संध्याकाळी मलाच खावा लागतो, तेव्हा मी जाड झाले तर दोष तुझा.

तिचं मागणं एकच आहे, त्या खोलीतच डोळे मिटायचे. बाबा शहरातल्या इस्पितळात गेले आणि बाहेर मेलेलं माणूस दारातून आत घ्यायचं नाही म्हणून त्यांना फाटकाबाहेर मांडवात ठेवलं, ते तिच्या मनातून अजून गेलेलं नाही. मी तिला म्हटलं, जमीन बदलली तरी खोली तीच राहील. तेव्हा काय काय करायचं ते लिही, मी करून घेते.

डोक्याला फडकं बांधल्याशिवाय उन्हात जाऊ नकोस. माया आहेच, ती लिहून काय दाखवू.

तुझी,
सुनिमताई


जुबैल,
२० नोव्हेंबर १९८२

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू हो म्हणालीस हे वाचलं आणि कॅम्पातला कचकच लागणारा भातसुद्धा गोड लागला. आमच्या बराकीतल्या एकाला गेल्या हिवाळ्यात तार आली, आईबाप दोघंही त्याच धुराने गेले. तेव्हापासून तार वाटणारा दिसला की मी तोंड फिरवतो.

आता अर्धवट काही नको. ती चूल आणि ते बोळ बुजवून टाक, सिमेंटखाली गरम पाण्याचे पाइप घाल, बॉयलर बाहेर बसव. आई अडखळते ते उंबरे काढ. कागदी दारांना काच लाव. अंगणातही सिमेंट ओत, चिखलात पाय घसरायला नको. काम चालेल तोवर तिला मामाकडे ठेव. म्हातारी कुरकुर करेल, करू दे. आपल्याला नाक दाबून काढा पाजताना तिने आपलं कुठे ऐकलं होतं?

पुढच्या हिवाळ्याआधी माझा करार संपतो. मग मी त्या जमिनीवर आठ दिवस नुसता लोळणार आहे.

आईला वाकून नमस्कार. माझ्यावर रागाव, पण फार नको.

तुझा,
गीचॉल


सॉन्गचॉन,
२५ जानेवारी १९८३

चि. गीचॉल यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

घर झालं. भिंतीपलीकडच्या नामवॉनकाकू तीनदा येऊन बघून गेल्या आणि तीनदा स्वतःच्या नवऱ्याला नावं ठेवून गेल्या, कारण त्यांचं घर अजून आपल्या जुन्या घराच्याच साच्याचं आहे. थंडीत अनवाणी फिरता येतं. तू खूश होशील.

आता आईचं ऐक. तिला मामाच्या गावाहून बसने आणलं. खोलीच्या दाराशी तिने उंबऱ्यासाठी पाय उचलला, तो हवेतच राहिला आणि ती माझ्या अंगावर कोसळली. लागलं नाही. मग खाली बसून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जमीन चाचपत गेली. सगळीकडे सारखीच ऊन. शेवटी अगदी गोड आवाजात मला म्हणाली की जागा छान आहे, भाडं किती पडतं?

आपण घर विकलं आणि तिला कुठल्याशा गावात आणून ठेवलं, असं तिच्या मनाने घेतलंय. रागावली असती तर मी भांडले असते. ती उलट माझीच समजूत घालते. पोरांना अडचण आली असेल, विकलं तर विकलं, पण खोटं कशाला बोलता, म्हणते. अंगणातल्या सोया मुरवायच्या जुन्या रांजणांवर तिचा हात ठेवला, तर रांजण ट्रकमध्येही चढतात म्हणाली. काकूंना बोलावलं, तर त्यांना विचारते की बसचं तिकीट सुनिमने काढलं का. तुझा भात ठेवायला जागा सापडेना, तेव्हा वाटी मांडीवर घेऊन बसून राहिली.

मला आता रडूही येत नाही रे. काही सुचलं तर लिही. तिच्या वाटचे आशीर्वाद मीच देते.

तुझी,
सुनिमताई


जुबैल,
२२ फेब्रुवारी १९८३

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचल्यापासून कामात लक्ष नाही, फोरमनने दोनदा झापलं. सोबत कॅसेट पाठवतो. तीत मी बाबांची शपथ घेऊन सांगितलंय की घर आपलंच आहे.

तरीही तिला पटलं नाही तर उखड सगळं. बोळ परत मांड, उंबरे परत बसव. गाव हसेल, हसू दे. तिच्यासाठी घर करायच्या हौसेत मी तिचं घरच काढून घेतलं, ताई. सुटी मागितली, मिळत नाही. तू एकटी आहेस हे मला कळतं. जमेल तेवढं माफ कर.

तुझा,
गीचॉल


सॉन्गचॉन,
५ एप्रिल १९८३

चि. गीचॉल यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

कॅसेट ऐकवली. आईने दोनदा लावायला सांगितली, यंत्रावरून हात फिरवला आणि म्हणाली की पोराला खोटं बोलता येत नाही हे लहानपणापासूनच, पण आवाज बसलाय, त्याला आल्याचं पाणी पाजा.

ती आता पेजेपलीकडे काही घेत नाही. डॉक्टर म्हणतो, जूनचा उन्हाळा दिसणं कठीण. तिने काल माझा हात धरून विनवलं की मला परक्या घरात मरू देऊ नकोस, निदान आपल्या जुन्या दारापर्यंत ने. मी तिच्या जुन्या दारापासून चार हातांवर बसले होते.

सगळे म्हणतात आता हात लावू नकोस, आहे तिथेच जाऊ दे, तिला कळलं नाही तरी खोली तिचीच आहे. मी रात्रंदिवस विचार केला. ज्याचं त्याला कळलंच नाही तर त्या खोलीचा उपयोग काय? आजपासून गवंडी लावलेत. सिमेंट फोडून दगड मांडायचे आणि वर माती लिंपून खालून जाळ देत वाळवायची. तोवर आई नामवॉनकाकूंकडे. आजारी परकं माणूस घरात घ्यायला लोक कचरतात, काकूंनी स्वतः गोधडी घातली.

माती वाळेपर्यंत ती राहू दे, एवढंच माग. तुझ्या वाटचंही मी तेच मागते.

तुझी,
सुनिमताई


सॉन्गचॉन,
२ मे १९८३

चि. गीचॉल, आशीर्वाद.

तार मिळाली असेल. कसं झालं ते तारेत मावत नाही, म्हणून लिहिते.

ती काकूंकडे ग्लानीतच होती. एका दुपारी जाग आली तेव्हा मी उशाशी होते. काकू चुलीत लाकूड सारत होत्या. आईने जमिनीवर तळहात ठेवला, हळूहळू सरकवला, आणि जिथे जास्त ऊन लागलं तिथे थांबवला. मग मला विचारलं की आपण घरी आलो का.

काकूंनी दारातून मला हो म्हण अशी खूण केली. तीन महिने मी खरं सांगत होते आणि तिचा विश्वास बसत नव्हता. मी हो म्हणाले, आई, घरी आलो. गीचॉल, तिने लगेच विश्वास ठेवला. सुस्कारा सोडला, उशाशी बांधून ठेवलेलं बोचकं सोडायला सांगितलं आणि तुझ्यासाठी भात झाकलाय का ते विचारलं. आवाजाने फसायला नको म्हणून त्या दिवसापासून काकू, ज्यांचं तोंड झोपेतसुद्धा बंद नसतं, स्वतःच्या घरात मुक्या होऊन वावरल्या. चौथ्या दिवशी सकाळी आई गेली. हात त्याच उबेवर होता.

गावच्या वडीलधाऱ्यांनी तिला आपल्या फाटकातून आत घेऊ दिलं नाही. बाहेर मेलेलं माणूस. बाबांसारखाच मांडव घातला, तिथेच तीन दिवस ठेवलं. मी भांडले नाही. मनात आलं, हिला आता कुठे ठेवलंय ते हिला कुठे माहीत आहे.

खोलीची माती काल वाळली.

तू आलास की लोक तुझ्यापाशी हळहळतील, म्हणतील बिचारी अखेर परक्याच्या घरात गेली. त्यांना काय सांगायचं ते सांग. पण थडग्यापाशी जाशील तेव्हा आईला मात्र, ती घरीच गेली, असंच सांग. मी तिला तसं सांगून बसले आहे.

तुझी वाट बघते,
ताई