पांढऱ्या चिठ्ठीची कामं

प्रिय ताई,

माझं पत्र आलं म्हटल्यावर तू म्हणशील, या धांदल्याला वेळ कसा मिळाला! मिळाला नाही, काढला. दुकानाचं दार आतून लावून घेतलंय. एक प्राध्यापक बांधायचा प्रबंध घेऊन दोनदा काचेवर टकटक करून गेले. मी कागद कापायच्या यंत्रामागे श्वास रोखून बसलो होतो, या वयात!

माझी चिठ्ठ्यांची पद्धत तुला ठाऊक आहेच. बांधणीला आलेल्या पुस्तकाला लाल चिठ्ठी म्हणजे आजच्या आज, पिवळी म्हणजे आठवड्यात, पांढरी म्हणजे सवडीने. या शिस्तीचा मला कोण अभिमान! तर गेल्या मंगळवारी मी खाली मान घालून टाके घालत होतो आणि समोरच्या स्टुलावर कुणीतरी येऊन बसलं. वर न बघताच मी विचारलं, किती प्रती? मान वर करून बघतो तर तुझी भावजय, आणि तिच्या खांद्याला टाचणीनं लावलेली पांढरी चिठ्ठी! मी हसून हसून बेजार. ती मात्र हसली नाही. जेवणाचा डबा ठेवून गेली निघून.

मग मी फळीवरची सगळी पांढऱ्या चिठ्ठीची कामं खाली काढली. एकूण एक आपल्याच माणसांची निघाली, कारण आपली माणसं तगादा लावत नाहीत. लेकीचं शाळेतलं नकाशांचं पुस्तक होतं, आणि ती आता नोकरीला लागली. शेजारच्या न्हाव्याचं बुद्धिबळाचं पुस्तक होतं. आणि तळाशी, चार वर्षं धूळ खात पडलेलं, तुझ्या लग्नानंतर बाबांनी तुला लिहिलेल्या पत्रांचं बाड. तू दोनदा विचारलंस, मग विचारायचंच सोडलंस. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं गं. दोन दिवस दुसऱ्या कशाला हात लावला नाही. निळा कापडी पुठ्ठा घातलाय, बाबांच्या आवडीचा. एका पत्रात माझी तक्रार आहे: धांदल्या आज सदरा उलटा घालून शाळेत गेला, आणि तसाच परत आला.

काल भाचीचा फोन आला. सोमवारी तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन, पुढे पंधरा दिवस वाचायचं नाही, आणि मामाला कळवू नकोस, त्याला वेळ नसतो, असं तू तिला बजावलंयस. फार लागलं ताई, खरं आहे म्हणून जास्तच. तर आता ऐक. रविवारी आम्ही दोघं येतोय आणि तुझी पट्टी निघेपर्यंत हलणार नाही. पांढरी चिठ्ठी आता दुकानाच्या दाराला लागेल. बाबांचं अक्षर तुझ्यामाझ्याशिवाय कुणालाच लागत नाही, तेव्हा माझ्यावाचून तुझं अडणारच आहे. डोळ्याला ताण नको, एवढं पत्र भाचीकडून वाचून घे. बाबांची सगळी मी वाचून दाखवीन, उलट्या सदऱ्याचंसुद्धा.

तुझाच,
धांदल्या