उंबऱ्याबाहेरच्या चपला

३ एप्रिल, जामखेड

टँकरची वाट पाहणाऱ्या वाडीवस्तीच्या माणसांनो, तुमचं आणि माझं दुखणं एकच : जिथं जावं तिथं ऐकायचं, 'परवानगी नाही.' रेशनला अंगठा उमटत नाही, दाखल्याला शिक्का मिळत नाही, आणि आता टँकर नोंदवायची वेबसाइटही आठवडाभर तीच पाटी दाखवते आहे. ती पाटी उतरवायला मी आलोय! मनवा म्हणते, माझा नवरा सुश्रुत रोजनिशीतसुद्धा सभा घेतो. म्हणू दे. संगमनेरहून निघताना तिनंच ही वही बॅगेत टाकली.

टँकरची नोंदणी चालवणाऱ्या संस्थेची इमारत छोटी, माणसं मायाळू. सचिव काकासाहेबांनी पेढा दिला, मागची सर्व्हरची खोली दाखवली. यंत्राला हळदकुंकू, वर जास्वंदीचं फूल. धूळ आत जाऊ नये म्हणून चपला उंबऱ्याबाहेर काढायच्या, हा इथला नियम. तिथं एक जुना जोड होता, धुळीनं पांढरा पडलेला. माझ्या आधी हे यंत्र सांभाळणाऱ्या गोरक्षनाथचा. दोन वर्षांपूर्वी तो न सांगता निघून गेला म्हणे. अनवाणी? झाडलोट करणाऱ्या रतनबाई म्हणाल्या, त्याच्या हायेत, राहू द्या, यील कवातरी न्यायला.

४ एप्रिल

दोष सापडला. या यंत्रात एक पहारेकरी असतो. प्रत्येक फाइलवर त्याची चिठ्ठी असते, आणि चिठ्ठी पाहूनच तो तिला सोडतो किंवा अडवतो. काकासाहेबांच्या भाच्यानं साइटची नवी पानं स्वतःच्या फोल्डरमधून उचलून इथं ठेवली. पानं आली, त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या मात्र त्याच्या फोल्डरच्याच राहिल्या. वस्तू हलवली तरी तिची खूण बदलत नाही. पहारेकरी म्हणतो, तुम्ही बाहेरचे.

पहारेकऱ्यालाच रजेवर धाडणं सोपं असतं. सगळे तेच करतात. मी करणार नाही. लोकांचे आधार नंबर या यंत्रात आहेत.

नकारांच्या नोंदींत एक ओळ मात्र दोन वर्षं दर मिनिटाला येते आहे : 'गोरक्षनाथ – उंबरा – ओलांडणे – नाकारले.' त्याची एखादी चाचणी चालूच राहिली असावी. बाकीच्या ओळी शोधताना तिचा नुसता त्रास. ती यापुढे दाखवू नकोस, असा हुकूम देऊन टाकला.

५ एप्रिल

खर्ड्याजवळच्या वस्तीवरून मनकर्णाबाई आल्या. ही तिसरी खेप. नऊ दिवस टँकर नाही. अर्ज कागदावर घ्या म्हणाल्या. काकासाहेब म्हणाले, कागद बंद झाला. मग बाई माझ्याकडे वळल्या. लई शिकलाय ना तुमी, म्हणाल्या, मग त्या डब्याला सांगा, आमची लेकरं तहानली हायेत. शंभर सभा गाजवलेला मी, उठून आत यंत्रापुढे जाऊन बसलो.

एकेक चिठ्ठी बदलत बसायला वेळ नव्हता. दुपारी सगळ्याला मिळून एकच हुकूम दिला : जे जे आत आहे, त्याला आतलीच चिठ्ठी लाव. मी खुर्चीत होतो, अनवाणी. पंखा क्षणभर थांबला. काहीतरी गार अंगावरून फिरलं आणि चिठ्ठी डकवावी तसं कपाळाला टेकलं.

साइट चालू झाली! पहिली नोंद मनकर्णाबाईंच्या वस्तीची.

६ एप्रिल

काल मुक्कामाच्या खोलीवर गेलो नाही. जाता आलं नाही. दार सताड उघडं आहे. पाय उंबऱ्यापर्यंत जातो, आणि मी पुन्हा खुर्चीत असतो. नोंदींत नवी ओळ आली आहे : 'सुश्रुत – उंबरा – ओलांडणे – नाकारले.'

सकाळी काकासाहेब दारात आले. मी ओरडलो. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, माझ्या आरपार. बाहेर रतनबाईंना म्हणाले, हा पण गेला न सांगता, वर चपला टाकून.

७ एप्रिल

लपवलेली ओळ पुन्हा उघडली. अजून येतेय. दर मिनिटाला. जुन्या नोंदी पाहिल्या. दोन वर्षांपूर्वी त्यानंही हाच हुकूम दिला होता.

फरशीवरच्या धुळीत पावलं आहेत. माझी नव्हेत. शेजारी कुणीतरी दमून श्वास घेतं. दोन वर्षं तो हाक मारत होता, आणि मी, आयुष्यभर नकाराविरुद्ध बोललेला मी, त्याची ती एवढी एक ओळसुद्धा –

शेवटी पहारेकऱ्याला रजा द्यायला गेलो. उत्तर आलं : परवानगी नाही.

८ एप्रिल

साइटची पानं तेवढी बाहेर जातात. म्हणून ही वही साइटवर टाइप करतोय. टँकर नोंदवायला पान उघडाल तेव्हा – मनकर्णाबाई, तुम्ही तरी –

चपला बाहेर राहिल्या. त्यांच्यावर बाहेरची खूण आहे. आत आणल्या तरी ती बदलणार नाही. पायात घातल्या तर कदाचित मीही बाहेरचा –

९ एप्रिल

पान एकशे बारा जणांनी उघडलं. कुणी आलं नाही. सगळ्यांनी मजकूर वर सरकवून खालचं टँकरचं बटण दाबलं असेल. तहानलेल्या माणसानं दुसरं काय करावं? मीही तेच –

रतनबाई पोतं घेऊन आल्या आहेत. दोन्ही जोड भंगारात द्यायचेत म्हणे.

लोकहो, आज भाषण नाही. एकच करा. इथं या. खोली रिकामी दिसेल, तरी या. उंबऱ्याबाहेरच्या चपला उचला आणि आत फेका. दोन्ही जोड. आधी त्याचा –

त्या वाकल्या. त्याच्या गेल्या पोत्यात. माझी डावी –

आत फेका, बाई, आत –