रिकाम्या पाण्याला घास

३ नोव्हेंबर, रविवार

टाकी मी केली. चार फूट लांब, दीड रुंद, दीड उंच, दहा एमएमची काच. कडा मी घासल्या, सिलिकॉन मी भरलं. लोखंडी स्टँड मी वेल्ड केला, वर स्पिरिट लेव्हल ठेवली तर बुडबुडा बरोबर मधोमध. फिल्टरचा डबा, पाइपांची भोकं, झाकण, झाकणातले दिवे, सगळं या दोन हातांचं. कुठल्या कोर्सला गेलो नाही, कुणाला गुरू केलं नाही.

आज दिघ्याहून नावड्याला आलो. दिघ्याच्या खोलीत माणसांनाच वळायला जागा नव्हती, माशांना कुठून असणार? इथे तळमजल्याचा प्रशस्त हॉल आहे. स्वयंपाकघराला खिडकी मिळाली म्हणून काशी खूश. मालकीणबाई चंद्राबाई वरच्या मजल्यावर एकट्याच राहतात, गावातल्या जुन्या आगरी घरातल्या. पूर्वी इथे त्यांच्या घरचं तळं होतं, ते भरून ही बिल्डिंग उभी राहिली, असं त्यांनीच सांगितलं. मी म्हटलं, म्हणजे जागा पाण्याचीच आहे, माशांना मानवेल. त्या हसल्या नाहीत.

५ नोव्हेंबर, मंगळवार

टाकी भरली. पाणी दोन दिवस ड्रममध्ये मुरवून, त्यातलं क्लोरीन उडवून. पातळीला काचेवर काळ्या मार्करची रेघ मारली. वरच्या काठापासून बरोबर पाच सेंटिमीटर खाली.

इथेच अर्धवट शिकलेले लोक चुकतात. टाकी भरली की मासे सोडतात आणि आठवड्यात कचऱ्यात टाकतात. नव्या पाण्यात घाणीचा अमोनिया होतो, तो माशांना विष. तो पचवणारे जीवाणू आधी वाढवावे लागतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. याला टाकी सायकल करणं म्हणतात. महिना जातो. तोवर मासा नाही. पण जीवाणूंना खाऊ हवा, म्हणून मासा नसलेल्या टाकीत रोज खाणं टाकायचं. दुकानदार जीवाणूंची बाटली गळ्यात मारत होता. मी घेतली नाही. कच्ची कोळंबी बस्स आहे.

काशी म्हणाली, नसलेल्या माशांना वेळेवर जेवण, आणि असलेल्या बायकोला साधा चहा विचारायची मारामार.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

चंद्राबाई भाड्याची पावती द्यायला आल्या, तेव्हा मी कोळंबी टाकत होतो. मासे कुठायत, विचारलं. अजून नाहीत, म्हटलं. त्यांचा चेहरा एकदम उतरला. म्हणाल्या, "दादा, रिकाम्या पान्याला घास घालू नको. आमच्यात तो बुडालेल्यालाच घालतात."

मग कळलं ते असं. कुणी बुडालं आणि अंग सापडलं नाही, तर घरचे रोज त्या पाण्यात एक घास सोडतात. ते अंग वर येईपर्यंत. घास घालणारा हात त्या बुडालेल्याला ओळखीचा होतो.

मी त्यांना जीवाणू समजावून सांगितले, सोप्या भाषेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच सांगून गेल्या.

११ नोव्हेंबर, सोमवार

चाचणीत अमोनिया शून्य. असं व्हायला नको. इतक्या दिवसांच्या कोळंब्या कुजून आतापर्यंत रंग हिरवा यायला हवा होता. चिमट्याने वाळू उकरली. कोळंब्या नाहीत. सालं आहेत, अख्खी, सोलून एका कोपऱ्यात नीट रचलेली.

काशीला विचारलं. ती म्हणाली, मला तुमच्या गटारात हात घालायची हौस नाही.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

पाणी दुधासारखं पांढरं झालंय. हे होतं, जीवाणू एकदम वाढले की होतंच. आतलं काही दिसत नाही. अमोनिया एका रात्रीत वरच्या टोकाला, गडद हिरवा. एवढ्या कोळंबीतून एवढा होणार नाही. यासाठी आत मोठं जनावर हवं. खाणारं, हगणारं.

आणि पातळी. टाकीतलं पाणी उडून कमी होतं. माझं रेघेच्या वर गेलंय. मी भर घातलेली नाही. फूटपट्टी लावली. साडेचार सेंटिमीटर. टाकीच्या लांबी-रुंदीने गुणलं तर पंचवीस लिटर.

पाणी कुणी ओतलं नाही. म्हणजे आत पंचवीस लिटर जागा कुणीतरी व्यापली आहे. तीनदा गणित केलं. माझं गणित चुकत नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार

वर जाऊन चंद्राबाईंना सरळ विचारलं. तळ्यात कोण बुडालं होतं?

त्यांचा मुलगा निकेश. नऊ वर्षांचा. अंग मिळालं नाही. त्या रोज भाताचा घास सोडायच्या. मग एका दुपारी नवरा, जानू, तळ्याच्या काठावर बसलेला होता तो दिसेनासा झाला. तेव्हा जुन्या माणसांनी सांगितलं की फार दिवस घास घातला की बुडालेला वर यायला बघतो, पण त्याच्या जागी घास घालणाऱ्याच्या घरचं माणूस खाली लागतं. मग निकेश आला का, मी विचारलं. तर म्हणाल्या, जानू गेला त्याच दिवशी त्या घाबरून माहेरी पळाल्या. तो आला असेल तर दाराला कुलूप बघून परत गेला असेल. मग तळंच भरून टाकलं.

नऊ वर्षांच्या मुलाचं वजन किती असतं, ते मी विचारलं नाही. मला माहीत आहे.

कोळंबी आजपासून बंद.

१८ नोव्हेंबर, सोमवार

काचेच्या आतल्या बाजूला जीवाणूंचा बुळबुळीत थर धरलाय. त्यावर पंजा उमटलाय. लहान. पाच बोटं. आतून.

कोळंबी बंद आहे तरी पाण्यात भाताची शितं. काशी म्हणते तिने टाकली नाहीत. तिचा हात कोपरापर्यंत ओला होता.

नायट्राइट जांभळा दिसायला लागलाय. म्हणजे सायकल चालू झाली. आता टाकी उपसली तर सगळं पहिल्यापासून. मी अर्धवट काम टाकून देणारा माणूस नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

काशी दुपारभर टाकीपाशी बसते. हात पाण्यात. मी बाहेर काढला की रागावत नाही, बोलत नाही, पुन्हा घालते. टोमणे बंद झालेत. कधी मारते त्याची वाट बघतोय.

तिच्या केसांना चिखलाचा वास. धुतलेत तरी.

उद्या उपसतो. अमोनिया उतरतोय, बहुतेक एक-दोन दिवसांत शून्य – मग बघू.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

उपसलं नाही. पाइप लावला होता. काशी म्हणाली, राहू द्या, त्याला गार लागेल.

कुणाला, विचारलं. तिने पाइप काढून गुंडाळून ठेवला.

तिला सकाळी बहिणीकडे पाठवतो. रिक्षा सांगितली आहे.

२३ नोव्हेंबर, शनिवार

काशी नाही.

रिक्षा आली तेव्हा ती हॉलमध्ये होती, पिशवी हातात. बेल वाजली म्हणून मी दार उघडलं. चंद्राबाई. चार-पाच मिनिटं बोललो. तेवढंच. पाठ तिच्याकडे.

पिशवी फरशीवर आहे. फरशीवर पाणी आहे. टाकी काठोकाठ. साडेचार सेंटिमीटर नाही – काठोकाठ, आणि वर सांडलेलं. काशीचं वजन चोपन्न.

हात घातला. दीड फुटाची टाकी, मी केलेली. हात खांद्यापर्यंत गेला. तळ लागला नाही. पाइप लावलाय, केव्हाचा चालू आहे, पाणी कमी होत नाही –

चंद्राबाई बोलता बोलता थांबल्या होत्या. त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावरून खाली गेली. माझ्या गुडघ्यापाशी. तिथे कुणी उभं असावं तशी. मग त्यांनी हात पुढे केला, पदराने काहीतरी पुसलं, आणि वर निघून गेल्या. जिन्यावर ओल आहे. वरून भांड्यांचा आवाज येतोय. त्या कुणाला तरी वाढतायत.

त्याआधी त्या टाकी मागत होत्या. आहे त्या पाण्यासकट, आत्ताच्या आत्ता. म्हणाल्या, "आता घास मी घालीन. माझ्या घरात खाली जायाला मी एकलीच हाय. मी जाईन, तुझी बाय ऱ्हाईल." पदरात पैसे बांधून आणले होते. तळ्याची जागा बिल्डरला दिली, त्यातले उरलेले. मी म्हणालो, टाकी तयार झालेली नाही, आणि अर्धवट काम मी विकत नाही. त्यांनी गाठ सोडून दाखवली. मी नको म्हणालो. दोनदा म्हणालो. एक लाख दहा हजार देत होत्या. एक लाख दहा –