शहागडचा काटा, समुद्रातली विहीर

अण्णा, शहागडच्या काट्यावरून मी तुमच्याशी आठ दिवस बोलले नव्हते, आठवतं? तुम्ही वजनमापं तपासणारे सरकारी निरीक्षक, आणि मी औरंगाबादहून सुट्टीला आलेली, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची, स्वतःला फार शहाणी समजणारी पोरगी. जुन्या जालन्यातल्या आपल्या दोन खोल्यांत तुम्ही तापानं फणफणला होतात. तपासणीचे फॉर्म दुसऱ्या दिवशी कचेरीत द्यायचे होते. बाकी सगळे झाले होते, शहागडच्या चाचांचं धान्याचं दुकान तेवढं राहिलं होतं. चाचा म्हणजे घरचेच, ईदला त्यांचा शीरखुर्मा चुकायचा नाही. मी गेल्या वर्षीचा फॉर्म काढला, आकडे जसेच्या तसे उतरवले, तारीख नवी घातली आणि सहीसाठी तुमच्या उशाशी ठेवला. मला वाटलं, शाबासकी मिळेल.

तुम्ही तो वाचलात आणि उभा फाडलात. "काटा पाह्यला का तू?" मी म्हटलं, "चाचांचा काटा आहे अण्णा, त्यात काय पाहायचंय?" तुम्ही उठलात. लाकडी पेटीतली सरकारी वजनं काढून फडक्यानं पुसलीत आणि तशा अंगानं एस्टी गाठायला निघालात. आई माझ्यावर कावली. "जाय आता, पेटी तरी धर. तुझ्यापायीच चालले ते." चाचा दुकानाच्या पायरीवरूनच ओरडले, "साब, बुखार में कायकू आए?" तपासणी होईस्तोवर दुकानदाराकडचं पाणीही घ्यायचं नाही हा तुमचा नेम. घशाला कोरड पडलेली, तरी चाचांनी पुढं केलेला चहा तुम्ही बाजूला सरकवलात. डाव्या पारड्यात आपलं वजन, उजव्यात चाचांचं. काटा सरळ. मंग दोन्ही वजनं उचलून पारडी बदललीत. "एका अंगानं काटा खोटं बोलू शकतो, दोन्ही अंगानं न्हाई," हे तुमचं नेहमीचं. पुन्हा सरळ. एका दाण्याचाही फरक नव्हता. तेव्हा कुठं तुम्ही चहा प्यायलात.

परतीच्या एस्टीत मी फुरंगटून म्हटलं, "बराबरच निघाला की नाही? उगाच जिवाचे हाल." तुम्ही खिडकीला डोकं टेकून बसला होतात. म्हणालात, "बराबर हाय हे मला आत्ता कळलं. तुला सकाळी कुठून कळल्तं?" मला रागच आला. खरं सांगते, त्या रागाला पुढं कित्येक वर्षं मी तुमचा हटवादीपणा असं नाव दिलं होतं.

तुम्ही गेलात त्याच्या पुढच्या वर्षी मला मुंबईला नोकरी लागली. तुम्हाला हसू येईल, पण मीही निरीक्षकच झाले. समुद्रातल्या विहिरींची. समुद्राच्या तळाखालचं तेल आणि वायू सरकारचा. सरकार शेताचे पाडतात तसे समुद्राचे गट पाडतं आणि कंपन्यांना अटी घालून देतं. किती खोल जायचं, कोणती यंत्रं लावायची, सगळं लिहिलेलं. त्यातली सगळ्यात मोठी अट विहिरीच्या तोंडावरच्या लोखंडी झडपेची. खालून वायू उसळला तर ही झडप तोंड बंद करते. नाही केलं तर वरच्या लोखंडी फलाटावर आग, आणि शंभर माणसांना पळायला चहूकडं पाणी. म्हणून दर पंधरवड्याला झडप बंद करून आत दाब भरायचा आणि तो टिकतो का बघायचं. यंत्राची लेखणी एका गोल कागदावर रेघ काढते. रेघ ढळली नाही तर झडप घट्ट. तो कागद आमच्याकडं येतो, मी सही करते, मंग खोदकाम पुढं चालतं. निरीक्षक स्वतः जाऊन चाचणी पाहू शकतो, असं नियमात होतं. पाहू शकतो म्हटल्यावर कोण कशाला जातंय! शिवाय बाईमाणसाला हेलिकॉप्टरनं तिकडं कुठं धाडायचं? आणि तुमचं डोकं फिरलं असतं अशी आणखी एक गोष्ट, तेल लवकर काढा म्हणणारे आणि ते नीट काढतात का हे तपासणारे, दोघांचे साहेब एकच. आडत्यानंच काटा तपासायचा, त्यातलं ते.

मे महिन्यातली दुपार. पंधरवड्यापूर्वीचा कागद फाइलला लावायचा राहिला होता, तेवढ्यात शिपायानं नवा आणून त्याच्याच शेजारी ठेवला. दोन्ही झेरॉक्स. दोन्हींवर रेघेच्या सुरुवातीला शाईचा एक ठिपका, जरा शेपटी आलेला. मी उठले, दोन्ही कागद एकावर एक धरून खिडकीच्या काचेला लावले. ठिपक्यावर ठिपका, रेघेवर रेघ. फक्त तारीख वेगळी. अण्णा, हे काम माझ्या ओळखीचं होतं.

साहेबांनी कागदांकडं पाहिलंच नाही. "मॅडम, पावसाळ्याआधी ही विहीर पुरी व्हायला हवी. वरून दिवसाला चार फोन येतायत. चाचणी केलेलीच असणार, कंपनी काय खुळी आहे?" मी म्हटलं, "असेलही केलेली. पण मला कुठून कळलं?" शब्द तोंडातून गेले आणि मीच दचकले. साहेबांनी पेन टेबलावर आपटलं. "थांबवा. पण तुमच्या जबाबदारीवर. आणि झडप चांगली निघाली तर मग माझ्याकडं येऊ नका." मी खोदकाम थांबवण्याचं पत्र लिहिलं आणि खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या फलाटावर उभी आहे. पायाखाली जाळी, जाळीखाली समुद्र. काम बंद, माणसं हाताची घडी घालून माझ्याकडं बघतायत. तिथला मुख्य माणूस चहा पुढं करतो. मी म्हणते, "नंतर." झडप बंद होते, दाब चढतो, लेखणी कागदाला टेकते. दहा मिनिटं थांबायचंय. एक, दोन, तीन. रेघ सुरेख जातेय. तो मुख्य माणूस घड्याळ बघून म्हणतो, "हो गया ना मॅडम?" मी नाही म्हणून मान हलवते. चांगली निघाली तर? मी चक्क देवाला म्हणते, ती वाईट निघू दे, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटते, कारण वाईट निघणं म्हणजे काय हे इथं माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे. पाचव्या मिनिटाला लेखणी आत, कागदाच्या मध्याकडं वळायला लागते. दाब उतरतोय.

"मीटर खराब आहे," तो मुख्य माणूस लेखणीच्या यंत्राकडं बोट करून म्हणाला. मी म्हटलं, "बदला. दुसरा लावा आणि पुन्हा दाब भरा." दुसरा मीटर लावला. पुन्हा पाचव्या मिनिटाला रेघ आत. खोदकामावरचा एक वयस्क कोकणी माणूस हेल्मेट काढून तिथंच पाइपावर बसला. "बाई," तो म्हणाला, "आम्ही ह्याच्यावर झोपत होतो." झडपेच्या आतलं रबर चिरलं होतं. दोन दिवसांनी नवं बसवलं, मी पुन्हा गेले, पुन्हा दोन्ही मीटरांवर पाहिलं. मंग चाचणीआधी आणून ठेवलेला चहा प्यायले. गारढोण होता.

माझं कौतुक झालं. साहेब मीटिंगमध्ये "आम्ही पकडलं" म्हणाले, पण बोट माझ्याकडं केलं. पुढं बढती मिळाली. बातमी जालन्यापर्यंत गेली.

आता जे सांगायला हे लिहायला घेतलं ते सांगते. त्या दुपारी साहेबांकडं जाण्याआधी मी फाइल मागं उलगडली होती. पंधरवड्यापूर्वीच्या कागदाच्या आधीच्या कागदावरही तोच ठिपका. त्याच्याही आधीच्या, त्याच्याही. दोन महिने एकच रेघ येत होती आणि नवा सोडून आधीच्या चारही कागदांवर खाली माझी सही. मी टिपणात लिहिलं, मागची चाचणी योग्य, ही तिची नक्कल. दोनच कागद जोडले. बाकीचे कुणी मागितले नाहीत, मीही दाखवले नाहीत. त्या कोकणी माणसाला मी म्हणू शकले असते, की तुम्ही झोपत होतात ते माझ्या सहीवर. त्याच्या खांद्यावर हात ठेवला फक्त.

हे आईला वाचून दाखवावं असं मनात होतं. ते काही माझ्यानं व्हायचं नाही. मागच्या दिवाळीला घरी गेल्ते, तर शेजारपाजारच्या बाया जमलेल्या. आईनं तुमची ती पेटी काढली, सगळ्यांदेखत माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "पोरगी बापावर गेली बघा, डोळ्यानं पाह्यल्याबिगर सही करत न्हाई." अण्णा, मी पेटी घेतली. न्हाई म्हणाले न्हाई.