फाटकाच्या आत

प्रिय दादा,

आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण त्यांच्यापेक्षा तीच जास्त. बाबांनी तुझी खोली झाडून ठेवलीय, जणू तू सुट्टीवरच येणार आहेस. त्या दिवशी तू शहराच्या दुसऱ्या टोकाला होतास, असं दोघांना वाटतं. मी अजून काही बोललेले नाही.

मला दंडाधिकाऱ्यांच्या कचेरीत नोकरी लागली तेव्हा तू सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला होतास, "आता आमच्या बंदुकीची चावी हिच्या साहेबांकडे." चेष्टा होती, पण कायदा तसाच आहे. सीमेवर तुमचा अधिकारी हुकूम देतो. आपल्याच माणसांसमोर लष्कर उभं केलं, तर दंडाधिकाऱ्यांनी सांगितल्याशिवाय गोळी सुटता कामा नये. भांडी घासता घासता मी हे आईला समजावलं, तर म्हणाली, एवढ्यासाठी एवढं जाड पुस्तक कशाला.

बस डेपोच्या संपात साहेबांनी एकच चूक केली. तुमच्या तुकडीसोबत थांबायचं सोडून ते फाटकाच्या आत बोलणी करायला गेले. मी परत येईपर्यंत काही करायचं नाही, असं कप्तानाला बजावून गेले. मीही त्यांच्यासोबत आत होते. आम्ही जुन्या टायरांवर बसलो. म्हातारा ड्रायव्हर म्हणाला, साहेब, सही करा, तुमच्या गाडीचं तेल फुकट बदलून देतो. साहेब हसले. तडजोड होतच आली होती.

तेवढ्यात मागे उभ्या संपकरी पोरांपैकी कुणीतरी भिंतीवरून दगड भिरकावला. तो तुमच्या कप्तानाच्या तोंडावर बसला, हे मला नंतर कळलं. आम्हाला फक्त गोळ्या कळल्या. म्हाताऱ्याचा जबडाच उडाला. तो हाताने जबडा जागेवर बसवायला बघत होता. एक कंडक्टर बाई गळा धरून बसच्या चाकाला टेकली आणि तशीच राहिली. साहेब दोन्ही हात वर करून थांबा थांबा ओरडत फाटकाकडे धावले. पहिली गोळी मांडीत लागली, दुसरी पोटात. मी कोट काढून जखमेत कोंबला, तो रक्ताने जड झाला. ते म्हणाले, "मी सांगितलं नव्हतं. तू ऐकतेयस ना?"

मी मान वर केली, तर गजांपलीकडे तू होतास. टोपी वाकडी झालेली, बंदूक खांद्याला. तू मला पाहिलंस का, ठाऊक नाही. तू चाप ओढलास आणि माझ्या शेजारचा मेकॅनिक माझ्या पायांवर कोसळला. त्याच्या हातात अजून पाना होता.

आता तुमची सगळी तुकडी एकाच सुरात सांगते की साहेब तुमच्याजवळ उभे होते आणि त्यांनीच "गोळी चालवा" म्हटलं. का, ते मला समजतं. त्यांचा हुकूम असेल तर तुम्ही सुटता. नसेल तर तो खून ठरतो. पण साहेबांच्या बायकोच्या घराच्या खिडक्या लोकांनी फोडल्यात. शाळेत त्यांच्या मुलीला खुन्याची पोरगी म्हणतात. आणि साहेब तर उठून बोलणार नाहीत.

साक्षीदाराने असं पत्र लिहू नये, हे मला कळतं. तरी लिहितेय, कारण उद्या चौकशीच्या न्यायाधीशांसमोर आधी तुला बोलावणार आहेत, मग मला. साहेब कुठे होते आणि काय म्हणाले, ते मी सांगणार. फाटकापलीकडे गोळी झाडताना कोण दिसलं, हे ते विचारतीलच. मी खोटं बोलणार नाही, दादा. तुझ्यासाठीसुद्धा नाही. पण तू माझ्याआधी उभा राहणार आहेस. तुझं नाव माझ्या तोंडून निघण्याआधी तूच ते घे. मी पहिल्या बाकावर असेन. हवं तर माझ्याकडे बघून बोल.

तुझीच,
धाकटी